चंद्रीचा खडक

त्यो बगा खडक. नदीच्या पल्याडच्या अंगाला, म्हैस बसल्यागत काळा. त्येला चंद्रीचा खडक म्हंत्यात. बाई, पोरांस्नी जरा पुढं घ्या, मागची नुस्ती डब्याकडं बगत्यात. तुमच्या पुस्तकात शाळा, निरोप आन् गाड्याघोडी ह्येचा धडा हाय म्हंता, आन् त्यो दावाय हितं आणलंय पोरांस्नी. झ्याक केलंसा. शाळा हितं न्हाय, फोनला रेंज न्हाय, गाडी तर तुमचीबी वढ्यापल्याड थांबली. धडा लवकर उरकंल.

आमच्या कासरवाडीत एक रीत हाय. पोराला शाळंत घालायच्या आधी ह्या घाटावर आणायचं, खडकाकडं तोंड करून उभं करायचं आन् हाक मारायला लावायची. पल्याडनं ‘आलो’ आसं उत्तर आलं की मग पाटी हातात द्यायची. त्येच्याआधी अक्षर शिकवायचं न्हाय. का, ते सांगतो. मला लिवतावाचता येत न्हाय, तवा जसं ऐकलं तसंच सांगणार. चूक निघाली तर माझ्या आज्याला इचारा, त्यो वर बसलाय.

लई जुनी गोष्ट. तवा शाळा पल्याडच्या भोकरगावात होती, आन् मधी ही वेळणी नदी. पूल न्हवता. गेनबा म्हणून एक नावाडी होता, त्येची नाव सोडली तर पल्याड जायला दुसरं साधन न्हाय. त्येला एकच लेक, चंद्री. आई न्हवती तिला. गेनबाच्या मनात म्हणे एकच होतं, की आपुन पाण्यात जल्म काढला, पोरीनं चार अक्षरं वाचावीत. पंतोजी होते विसाजीपंत. ते म्हणाले, पोरींस्नी शाळा नस्ती. गेनबा हसून म्हणाला, मग पंत, तुमी बाजाराला पोहून जावा. घेतली की पोरीला.

रोज दुपारी शाळा सुटायची. ती खडकावर येऊन उभी ऱ्हायाची, ह्यो हिकडनं बगायचा आन् नाव सोडायचा. हाक मारायचं कामच पडायचं न्हाय.

आता नावाड्यांचा एक जुना नेम होता. दिवेलागणीच्या वक्ताला पल्याडनं हाक आली तर लगीच दोर सोडायचा न्हाय. ती चकव्याची आसती. चकवा आपल्याच माणसाचा आवाज काढतो आन् मधल्या डोहात नेतो. पर त्येला म्हणे दोनच हाकांचा दम आसतो. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय. भ्या वाटलं का रं टोपीवाल्या? वाटू दे. त्यास्नीबी वाटत हुतं.

आन् तिकडं पंतोजींची शिकवण येगळी. ते परमुलखातनं आलेलं. पोरांचा कालवा त्यास्नी खपायचा न्हाय. मोठ्या माणसाला एकदाच हाक मारावी, आन् मारली तितंच उभं ऱ्हाऊन वाट बगावी. ही त्यांची पयली शिकवण, अक्षराच्याबी आधीची.

ह्या दोघांनी आपापला नेम एकमेकाला कधी सांगितलाच न्हाय. दर बाजाराला एका नावंत बसायचं, पर बोलणं सगळं पीकपाण्याचं.

एक दिवस चंद्रीनं सबंद ओळ वाचली. पंतोजींस्नी विश्वास बसंना. पुन्ना वाच म्हणाले, पुन्ना वाच. त्या कौतुकात दिवस कलला. वर डोंगरात पाऊस धरला हुता, आंधारून आलं. गेनबाला वाटलं, पोरगी आज पंतांच्यातच ऱ्हायली. त्येनं नाव बांदली. चूल पेटवली. आन् पल्याडनं हाक आली.

“आबा!”

चंद्रीचाच आवाज. त्यो उठला म्हणे. दोराला हात घातला. आन् थांबला. आवाज इतका लेकीचा हुता, म्हणूनच थांबला. दुसरीची, तिसरीची वाट बगितली. एकबी आली न्हाय. चकवा दमला, म्हणाला, आन् येऊन जेवला.

रातीत नदीला पूर येऊन गेला, सकाळी पाणी उतरलं. पंतोजी पल्याडच्या काठावर आले. गेनबा नाव घेऊन गेला.

“चंद्री पोचली न्हवं?” पंतोजींनी इचारलं.

“ती तर तुमच्यात हाय.”

“न्हाई. घरी धाडली की. तिनं हाक मारली न्हाई का?”

“मारली. एकदाच.”

पंतोजी म्हणाले, “एकदाच मारायची, मीच शिकवलंय.”

पाणी आदी खडकाच्या मागनं फिरलं आसणार. पोरगी हाक मारली तितनं हलली न्हाय. शानी हुती.

ती घावली न्हाय. पंतोजींनी पुढं ती शिकवण टाकली. पयल्या दिवशी पोराकडनं हाक मारून घ्यायचे, उत्तर येईस्तवर. आन् गेनबा कवाबी, कुणाच्याबी हाकंला ‘आलो’ म्हणायचा. कावळा वरडला तरी नाव सोडायचा. आसाच एकदा दिवेलागणीला गेला, त्यो गेलाच. तवापासनं ही रीत पडली, आसं सांगत्यात.

फुडं सडक आली, ती लांबनं गेली. भोकरगाव सडकंकडं सरकलं, शाळाबी त्येच्या मागं. पल्याड आता घुबडं ऱ्हात्यात. काय वरसं मीच आदी जाऊन बाभळीमागं लपायचो आन् ‘आलो’ वरडायचो. पोरं खूश व्हायची. एका पोरीला तर ‘आलो, जेवून येतो’ म्हणालो, तर ती जेवान आटपंस्तवर थांबली. आता गुडगं चालत न्हाईत, आन् दुसरं कोन जात न्हाय.

आजही जून लागला की पोरं हितं आणत्यात. पोरगं हाक मारतंय. उत्तर न्हाय. बाप म्हणतो, मार आजून. मारतंय. गळा बसतो, मग गप ऱ्हातंय. गप ऱ्हायलं की त्येच्या हातात पाटी देत्यात.