घोरपडीचा पहिला झोका

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक घोरपड राहत असे. मुलांनो, घोरपड म्हणजे पकड! दगडाला एकदा चिकटली, की दगड निघेल पण ती निघायची नाही. "आमच्या पणजीच्या कमरेला दोर बांधून माणसं कडे चढली म्हणतात," हे ती भेटेल त्याला ऐकवी. त्यामुळे जंगलात तिला मान होता. पण मनात एक सल होता. जन्मापासून तिचं पोट जमिनीला घासत आलेलं. कड्यावर चढली, तरी पोट आपलं दगडाला लागलेलंच. एकदा तरी, पापणी लवेपर्यंत का होईना, अंगाला चहूबाजूंनी नुसता वारा लागावा, एवढंच तिला हवं होतं.

त्याच जंगलात मोठ्या वडाखाली एक म्हातारी वानरीण झोक्याची शाळा चालवी. वडाच्या दोन पारंब्यांना खाली बांबूचा दांडू बांधलेला. शिकणाऱ्याने उंच फांदीवरून तो दांडू धरून झोका घ्यायचा. समोरच्या फांदीला मागच्या पायांनी धरून वानरीण उलटी लोंबकळे. झोका पुरता पुढे आला की ती ओरडे, "हुप!" त्या क्षणी दांडू सोडायचा, आणि मधल्या हवेत वानरीण मनगटं पकडणार. खाली सुगरणींनी गवताचं जाळं विणून ठेवलेलं. आणि त्या शाळेची एक रीत होती, बरं का. पहिला धडा उडण्याचा नव्हे, पडण्याचा! जाळ्यात पाठीवर पडायचं, आणि कुणीही पडलं की झाडावरच्या सगळ्यांनी ओरडायचं, "पडला तो शिकला!"

एका सकाळी घोरपड तिथे पोचली. एक ससाही त्याच दिवशी आला होता. त्याचे कान वारा नसताना हलत होते.

"आधी पडून दाखवा," वानरीण म्हणाली.

सशाने डोळे मिटले आणि पडला. एकदा नाही, तीनदा पडला. "पडला तो शिकला!" असा गलका झाला. मग घोरपडीची पाळी आली.

"मला कशाला पडायचे धडे?" ती मान ताठ करून म्हणाली. "सात पिढ्यांत आमच्याकडे कुणी पडलं नाही. पकडीचं मला शिकवू नका, आजी."

"पकडीचं नाहीच शिकवत गं मी," वानरीण म्हणाली. "बरं, चढ वर."

घोरपडीने दांडू धरला आणि झोका घेतला. पोटाखाली वारा सळसळला. "हुप!" वानरीण ओरडली. घोरपडीच्या मनाने म्हटलं, सोड. पण पंजांना सोडणं ठाऊकच कुठे होतं! झोका मागे गेला. पुन्हा "हुप!" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... हळूहळू झोका मंदावला आणि घोरपड मधोमध लोंबत राहिली. पारंबीवरून वर चढावं, तर त्यालाही एक पंजा सोडावा लागतो, आणि भीतीने तोही सुटेना.

फांदीवरच्या वानरपोरांना तेवढंच हवं होतं. "अरे, वडाला दुधी लागला रे!" एक ओरडलं. "गर्वाचं घर खाली म्हणतात," दुसरं म्हणालं, "हे तर मध्येच टांगलंय!"

"बाई गं," वानरीण म्हणाली, "सगळं रक्त डोक्यात उतरलं माझ्या. मी जरा सरळ बसते."

ऊन डोक्यावर आलं. घोरपडीचा आवाज बारीक झाला. "आजी, मला खाली घ्या ना."

"खाली यायलासुद्धा सोडावंच लागतं, पोरी. ते तुझं तुलाच."

तेवढ्यात ससा जाळ्याच्या कडेला येऊन बसला. तो एकटाच हसत नव्हता. "मावशी," तो म्हणाला, "मला पण वाटलं होतं, मेलोच आता. पण जाळं आधी खाली जातं आणि मग वर उचलून घेतं. गवताचा वास येतो. एवढंच होतं बघा."

"आणि ही पोरं हसली तर?"

"ती आत्ता हसतायत, मावशी. पडल्यावर हसत नाहीत."

घोरपडीने खाली जाळ्याकडे पाहिलं. मग तिने एक नख सोडलं. दुसरं सोडलं. तिसरं... आणि धप्प! मग असा गलका उठला की पाखरं उडाली, "पडली ती शिकली!" सगळ्यांत मोठा आवाज त्या वानरपोरांचाच होता. घोरपड जाळ्यात उताणी पडून होती. जन्मात पहिल्यांदा तिचं पोट आभाळाकडे होतं. तिला हसू फुटलं. "आजी," ती म्हणाली, "अजून एकदा पडू?"

पाच वेळा पडली, तेव्हा कुठे तिचं मन भरलं. मग ती पुन्हा वर चढली. झोका पुढे आला. "हुप!" आणि पंजे सुटले. खाली जमीन नाही, हाताला दांडू नाही, अंगाला कशाचा म्हणून स्पर्श नाही. चहूबाजूंनी नुसता वारा! पापणी लवली तेवढंच. लगेच वानरिणीने तिची मनगटं घट्ट पकडली आणि दोघी हेलकावे घेऊ लागल्या.

"शाबास!" वानरीण धापा टाकत म्हणाली. "आता मला सोड की गं, माझे हात उपटून येतील."

"थांबा हो आजी, आमची पकड घराण्याची आहे," घोरपड म्हणाली. मग खुदकन हसली, आणि आपणहून सोडून देऊन ऐटीत जाळ्यात पडली.

तात्पर्य : पकड कितीही पक्की असो, वेळेवर सोडता आलं नाही, तर तीच पकड आपल्याला अधांतरी टांगून ठेवते.