शनिवारचा घाणा

अष्टागराच्या किनाऱ्यावर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, उंडेखार नावाचे एक लहानसे गाव आहे. फिरंग्यांची जहाजे अजून या पाण्यात आली नव्हती, त्या काळी मिस्कीनशहा बाबा या गावी येऊन राहिले. ते कुठून आले, हे कुणी विचारले नाही आणि बाबांनीही कधी सांगितले नाही. खाडीकाठी उंडीचे एक मोठे झाड होते. त्याच्या सावलीत त्यांनी चटई अंथरली आणि मग आयुष्यभर तिथून हलले नाहीत. भरतीचे पाणी झाडाच्या मुळांशी येऊन थबके आणि माघारी जाई. पाण्यालाही जणू बाबांची झोपमोड करावीशी वाटत नसे!

गावात वस्ती होती मुसलमान नाखव्यांची आणि खलाशांची, काही घरे कोळ्यांची, आणि टेकाडाजवळ थोडी शनवारतेल्यांची. भाविकहो, शनवारतेली कोण, हे आता मुलांना समजावून सांगावे लागते. ते यहुदी. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी दूरच्या मुलखातून निघाले आणि याच किनाऱ्यावरच्या खडपांवर त्यांचे जहाज फुटले. जे वाचले ते इथलेच झाले. इथली बोली बोलू लागले, तेलाचे घाणे फिरवू लागले. त्यांच्या पोथ्या समुद्राने नेल्या. मागे उरली ती मुलाची सुंता, देव एकच आहे असे सांगणारी एक लहानशी प्रार्थना, आणि शनिवारचा विसावा. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिले.

आज त्या घरांतली बरीचशी माणसे समुद्रापार गेली आहेत. तरी बाबांच्या उरुसाला त्यांच्यापैकी कुणी ना कुणी येते, आणि दर्ग्याचे मुजावर त्यांना हाताला धरून पुढे नेऊन बसवतात. असे का, ते या कथेत आहे.

त्या वेळी हासाजी नावाचा एक तेली गावात राहत असे. बायको शेगुलाबाई, एक बैल आणि टेकाडावरचा घाणा, एवढाच त्याचा संसार. दर शुक्रवारी दुपारी तो घाणा सोडी, आंघोळ करी आणि बाबांच्या दिव्यासाठी मडक्यातून तेल घेऊन उंडीखाली येई. सूर्य कलेपर्यंत बसे. सूर्य बुडायच्या आत घरी परते, कारण तेव्हापासून त्याचा शनिवार लागे.

एकदा तो म्हणाला, "बाबा, आमच्यात पोरांची नावं मुसाजी ठेवतात. माझ्या आज्याचंही तेच होतं. पण हा मूळचा मुसा कोण, ते आम्हाला कुणाला ठाऊक नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. मग ते सांगू लागले. टोपलीत ठेवून नदीत सोडलेले बाळ, पेटलेले पण न जळणारे झुडूप, दुभंगलेला समुद्र. हासाजी ऐकतच राहिला. आपल्याच घरातली हरवलेली वस्तू शेजाऱ्याने जपून ठेवावी आणि एके दिवशी हातात आणून द्यावी, तसे त्याला झाले.

"समुद्र खरंच दुभंगला, बाबा?"

"दुभंगला."

"आमच्या वाडवडिलांचं जहाज फुटलं, तेव्हा मात्र नाही दुभंगला."

बाबा हसले. म्हणाले, "मग त्यांना किनाऱ्याला आणलं कुणी, हासाजी? आणि तू इथे बसून माझ्याशी बोलतोस तो कसा?"

त्यानंतर दर शुक्रवारी बाबा त्याला एक कथा सांगत. कधी इब्राहिमाची, कधी विहिरीत टाकलेल्या युसुफाची. घरी गेल्यावर हासाजी ती शेगुलाबाईला सांगे, आणि ती इतर तेलिणींना. अशा रीतीने त्या लोकांना आपले पूर्वज एका फकिराच्या तोंडून परत मिळत गेले.

हे सर्वांनाच रुचत होते असे नाही. बहाउद्दीन नाखवा हा गावातला मोठा माणूस. स्वतःचे गलबत, खंबायतपर्यंत व्यापार, अंगाखांद्यावर उंची शेला. तो बाबांच्या दर्शनाला येई तो माणसे बरोबर घेऊन, आणि येताच त्याला दिसे की बाबांच्या उजव्या हाताला तेलकट अंगरख्याचा हासाजी बसला आहे.

"बाबा," एकदा तो सर्वांदेखत म्हणाला, "ज्याला स्वतःची पोथी ठाऊक नाही, त्याला कसल्या कथा सांगता? याला विचारा, शनिवारी का बसून राहतो, तर तेही सांगता यायचं नाही."

हासाजी खाली मान घालून म्हणाला, "माझा बाप बसायचा, नाखवा. त्याचा बाप बसायचा. एवढंच येतं मला."

लोक हसले. बाबा हसले नाहीत.

पावसाळा सरला आणि नाखव्याचे गलबत निघायची वेळ आली. फळ्यांना चोळायला तेल कमी पडले, आणि हे नेमके शनिवारी सकाळी ध्यानात आले. नाखवा स्वतः टेकाडावर गेला. हासाजी अंगणात बसला होता. शेजारी बैल डोळे मिटून रवंथ करत होता.

"ऊठ रे, घाणा जुंप."

"नाखवा, आज सूर्य बुडाला की जुंपतो. पहाटेपर्यंत तेल पोचतं करतो."

"मला आत्ता हवंय. तुझा शनिवार असेल, तू बस. बैल माझा गडी हाकेल. का बैलही यहुदी आहे?"

बरोबरचे खलाशी खो खो हसले. हासाजी हात जोडून उभा राहिला. "त्यालाही आज विसावाच आहे, नाखवा. बापाने तसंच सांगितलंय."

नाखव्याचा चेहरा लाल झाला. गावातल्या लोकांसमोर त्याला नाही म्हणणारा हा पहिलाच माणूस! तो म्हणाला, "परत आलो की या टेकाडावर तुझा घाणा दिसणार नाही. उखडून खाडीत टाकीन. मग बस रोजच!"

एवढे बोलून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी गलबत समुद्राला लागले. हासाजीने बाबांना यातले काही सांगितले नाही. शेगुलाबाई मात्र उंडीखाली येऊन रडली. "बाबा, घाणा गेला तर आम्ही कुठे जायचं?"

बाबा म्हणाले, "बाई, गलबत सुखरूप परत येवो, अशी दुवा माग."

"ज्याने आल्यावर आम्हाला उठवायचं ठरवलंय, त्याच्यासाठी?"

"त्याच्याचसाठी."

शेगुलाबाईला ते पटले नाही. पण बाबांनी सांगितले म्हणून ती रोज दुवा मागू लागली.

पौष महिना आला. एका शनिवारी उंडेखार जागे झाले ते धुक्यात. असे धुके कुणी पाहिले नव्हते. झाडे नाहीत, घरे नाहीत, खाडी नाही, आभाळ नाही. माणूस हात लांब करी आणि त्याचा पंजा नाहीसा होई. कोंबडे आरवले तेही फार दूरच्या गावात आरवल्यासारखे. अशा त्या पांढऱ्या शांततेत समुद्रावरून एक अस्पष्ट हाक आली.

गलबत परतले होते! आणि आंधळे होऊन खाडीच्या तोंडाशी घुटमळत होते. तिथे दोन्ही बाजूंना खडपे, मधून जेमतेम एका गलबताची वाट. सारा गाव किनाऱ्याकडे धावला. ढोल बडवले, हाका मारल्या. पण आवाज कड्यावर आदळून चहूकडून परत येत होता, आणि गलबत कधी इकडे तर कधी तिकडे भरकटत असल्याचे खलाशांच्या ओरडण्यावरून कळत होते.

नाखव्याची बायको हलीमाबी ओल्या वाळूत बसून म्हणाली, "आज घाणा फिरत असता तर! टेकाड वाटेच्या अगदी समोर आहे. ते नेहमी म्हणतात, घाण्याची करकर समोर धरली की डोळे मिटूनही आत येता येतं."

ती हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण हासाजी मागेच उभा होता.

तो वळला आणि टेकाडाची पायवाट चढू लागला. त्याच्या लोकांपाशी दुसरे होते काय? पोथी गेली, भाषा गेली, देश गेला. बापाकडून मुलाकडे आलेला हा एक दिवस तेवढा शाबूत होता. तो आज त्याच्या हातून मोडणार होता, आणि तोही त्याचा घाणा उखडायला निघालेल्या माणसासाठी. हासाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण पाऊल काही थांबले नाही.

वाटेत धुक्यातून एक आकृती पुढे आली. आयुष्यात चटई न सोडलेले बाबा समोर उभे होते!

"कुठे निघालास?" बाबांनी विचारले.

"बैल जुंपायला, बाबा. माणसं मरतायत. देव मला काय शिक्षा करायची ती करील."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात रोजच्यापेक्षा जड लागला. "तू निघालास, ते पोचलं जिथे पोचायचं तिथे. आता घरी जा. बैलाला उठवू नकोस. तुझा शनिवार तुझ्यापाशी राहू दे."

"पण बाबा, गलबत..."

"जा म्हणतो ना!"

हासाजीने मान तुकवली. डोके वर केले तेव्हा समोर फक्त धुके होते.

इकडे हलीमाबी धावत उंडीखाली आली, बाबांना साकडे घालायला. पाहते तो बाबा चटईवरच बसलेले, डोळे मिटलेले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. ओझे ओढणाऱ्या जनावरासारखा श्वास चालला होता, आणि मान पुन्हा पुन्हा पुढे झुकत होती. ती घाबरली. हाक मारायचे तिला धैर्य झाले नाही. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली.

आणि समुद्रावर? गलबताच्या दोन्ही अंगांना लाटा फुटत होत्या. बहाउद्दीन नाखव्याने सुकाणू सोडून दिले होते आणि तो अल्लाचे नाव घेत होता. तेवढ्यात एक म्हातारा खलाशी ओरडला, "नाखवा, ऐका! घाणा! घाणा बोलतोय!"

सर्वांनी कान दिले. करकर, करकर, करकर. धुक्याच्या पोटातून तो आवाज येत होता, संथ, ओळखीचा, घरातल्या माणसाच्या हाकेसारखा. आजूबाजूच्या लाटांचा गलका त्यापुढे विरून गेला. नाखव्याने झडप घालून सुकाणू धरले आणि आवाज नाकासमोर ठेवला. दोन्हीकडची काळी खडपे हात लावता येईल इतकी जवळून सरकली. मग पाणी शांत झाले, गलबताचा तळ वाळूला लागला, आणि किनाऱ्यावर एकच आकांत उठला, आनंदाचा.

जीव वाचला खरा, पण माणसाचा गर्व केवढा चिवट! किनाऱ्यावर उतरताच नाखवा सरळ टेकाडावर निघाला. मागे सारे खलाशी.

हासाजी अंगणात बसला होता.

"काय तेल्या!" नाखवा म्हणाला. "मोडलास ना शेवटी शनिवार? मी म्हणत नव्हतो?"

"मोडायला निघालो होतो, नाखवा," हासाजी म्हणाला. "बाबांनी वाटेतून परत पाठवलं."

"खोटं बोलू नकोस. आम्ही सगळ्यांनी ऐकलाय घाणा."

"मी तर इथेच बसलो होतो, मला नाही ऐकू आला. तुम्हीच बघा."

नाखवा घाण्याजवळ गेला. कालच्या तेलावर धूळ बसली होती. घाण्याच्या लाटेपासून, म्हणजे उभ्या फिरत्या लाकडापासून, उखळीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते. त्याच्या प्रत्येक धाग्यावर धुक्याचे थेंब जसेच्या तसे लटकत होते. बैलाच्या वाटेवर दव पांढरे पसरले होते, त्यावर एका खुराचाही ठसा नव्हता. बैलाने मान वळवून या मोठ्या माणसाकडे पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले.

नाखवा मागे वळला. "मग ओढला कुणी?"

हासाजी एकदम उठला आणि खाडीकडे धावत सुटला. त्याच्यामागे सगळे.

उंडीखाली हलीमाबी बाबांना पाणी पाजत होती. नाखवा समोर येऊन उभा राहिला. "बाबा, आज समुद्रात आम्ही घाण्याचा आवाज ऐकला."

बाबा थकल्या आवाजात म्हणाले, "धुक्यात माणसाला कसले कसले भास होतात. घरी जा बेटा, बायको उपाशी आहे."

असे म्हणून ते चटईवर आडवे व्हायला कलले, आणि खांद्यावरची चादर घसरली. हासाजीच्या तोंडून किंकाळी निघाली. बाबांच्या मानेवर जुवाचा वळ उठला होता. नव्या बैलाची मान सोलवटावी तशी कातडी गेली होती, आणि रक्त अजून ओले होते.

बहाउद्दीन नाखवा चटईसमोर कोसळला. त्याने बाबांच्या पायांवर डोके ठेवले, उंची शेला मातीत लोळत होता. "बाबा, मी बैलाचीही थट्टा केली! माझ्यासाठी तुम्ही जुवाखाली मान दिलीत?"

"एका माणसाचा जीव राहावा आणि दुसऱ्याचा शनिवार राहावा, असं मनात आलं," बाबा म्हणाले. "दोन्ही त्याचेच आहेत. मला त्यातलं एक निवडता येईना."

"मला शिक्षा सांगा, बाबा."

"आजचा दिवस अजून सरला नाही. हासाजीच्या अंगणात जाऊन बस. काही करू नकोस, कुणाला काही करायला सांगू नकोस."

नाखवा उठला. वाटेत त्याने हासाजीचा हात धरला, वाकला आणि तो तेलकट हात आपल्या डोळ्यांना लावला. हासाजी गडबडून म्हणाला, "अहो नाखवा, हे काय! चला, चला घरी."

धुके हळूहळू विरले. गावातली माणसे वाटेने जाता-येता टेकाडाकडे पाहत होती. ज्याने हुकूम दिल्यावाचून कधी एक घटका घालवली नाही, तो बहाउद्दीन नाखवा तेल्याच्या अंगणात बैलाशेजारी मांडी घालून बसला होता. शेगुलाबाईने पुढे ठेवलेले आदल्या दिवशीचे गार अन्न त्याने हासाजीबरोबर खाल्ले. दुपार गेली. ऊन तिरके झाले. एकदाच नाखव्याने विचारले, "हासाजीभाऊ, दर शनिवारी असंच वाटतं का रे?"

"असंच," हासाजी म्हणाला.

समुद्रावर पहिल्या चांदण्या दिसल्या तेव्हा हासाजी उठला, पण नाखवा बसूनच होता. त्याने टेकाडावरून खाली, उंडीच्या झाडाच्या दिशेने पाहिले आणि तिथल्या तिथे जमिनीला माथा टेकला.

ज्यांनी दुसऱ्याच्या धर्मासाठी आपली मान जुवाखाली दिली, त्या मिस्कीनशहा बाबांची कृपा ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगणात उतरो.