नवा जबडा

अवजारं आपसांत बोलायची, त्या काळची गोष्ट. हणमंत मिस्त्रींच्या लेथच्या चकमधले, म्हणजे फिरत्या पकडीतले, तीन जबडे मिळून लोखंडाचा दांडा घट्ट धरायचे. त्यातला एक तुटला, म्हणून त्याच्या जागी नवा आला. पण चक फिरला की दांडा डुगडुगायला लागला आणि काम बिघडू लागलं.

"तुम्ही दोघं झिजलाय," नवा म्हणाला. "मी तर सरळ आहे."

जबडे हलू नयेत म्हणून मिस्त्रींनी त्यांच्यामध्ये एक कडी आवळली आणि चक फिरवत तिघांनाही एकदमच घासायला घेतलं.

"माझं काय चुकलं?" नवा कळवळला.

"काही नाही रे," शेजारचा म्हातारा जबडा म्हणाला. "मध्य कुठं, ते एकट्याला ठरवता येत नाही."

मग पुन्हा दांडा चढला. तो इतका सरळ फिरला, की थांबलाच आहे असं नव्याला वाटलं. मग नवाही शेजाऱ्यांसारखा दांडा घट्ट धरून राहिला.