वारा शेपूट खातो

त्या राज्यात वारा हाकेची शेपूट खात असे. सुळक्यावरून दिलेली हाक अलीकडच्या टेकडीला पुरती ऐकू येई, नदीपलीकडे मात्र सुरुवातीचे चार शब्दच पोचत. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण हाका देणारे सारे अलीकडेच राहत असल्यामुळे कुणाचे काही अडत नव्हते.

हाक द्यायचा मान पक्ष्यांचा. रीत ठरलेली: आधी सिंहमहाराजांची स्तुती, मग दरबाराची खुशाली, मग सांगणाऱ्याचे नाव आणि कूळ, आणि दम उरलाच तर बातमी. मागच्या पुरात पलीकडच्या हरणांच्या कानी 'महाराजांचा विजय असो' एवढेच पडले होते. बिचारी मान डोलावून पाण्यात उतरली आणि त्यांची पाडसे वाहून गेली. टिटवी तेव्हा काठावरच होती. ते दृश्य ती विसरू म्हटले तरी विसरली नाही.

यंदा पाणी ओसरल्यावर बगळा म्हणाला, जांभळीखालची वाळू पोकळ झाली आहे. पलीकडचा हरणांचा कळप संध्याकाळी तिथूनच नदी पार करणार होता. टिटवी ऐकीव गोष्टीवर उडणारी नव्हे. तिने स्वतः जाऊन वाळूत पाय रोवला, तो सरळ आत गेला. परतताना तिने शब्द निवडले. 'महाभयंकर' टाकला, 'संकट' टाकला, कारण त्यांतून पाय कुठे ठेवू नये हे कुणाला कळणार नव्हते.

सुळक्यावर भालदारांचा म्होरक्या भारद्वाज बसला होता.

"चिखलाचे पाय घेऊन इथे आलीस? निदान स्तुती तरी पाठ आहे ना?"

"आहे अण्णा. शेवटी म्हणते."

"अगं, शेवट वारा खातो."

"म्हणूनच," टिटवी म्हणाली.

तिने छाती भरून हाक दिली. "जांभळीखालून उतरू नका. वाळू पोकळ आहे, मी पाय घालून पाहिला. वरच्या खडकावरून या." मग दरबाराची खुशाली, मग महाराजांचा विजय, आणि अगदी शेवटी स्वतःचे नाव. अलीकडच्या टेकडीवर दरबाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. महाराजांनी आपले नाव येईपर्यंत एवढा वेळ कधी वाट पाहिली नव्हती.

पलीकडे म्होरकी हरिणी एक पाय उचलून पाण्याशी उभी होती. पुढचे शब्द वाऱ्याने खाल्ले, पण तिने पाय मागे घेतला आणि कळपाला दुसऱ्या उताराकडे, वरच्या खडकाकडे वळवले.

दिवस मावळताना नदी पार करून आलेली पाडसे अलीकडच्या काठावर अंग झटकत हुंदडू लागली. नवा खेळ सापडल्यासारखी ती ऐकलेली हाक एकमेकांना ओरडून सांगत होती. कोण बोलले होते ते त्यांना माहीत नव्हते, नाव वाऱ्याने केव्हाच खाल्ले होते. सुळक्यावर टिटवी मान ताठ करून बसली होती. पायांवरचा चिखल वाळला होता, तो तिने मुद्दाम धुतला नव्हता.

खालून, उलट्या वाऱ्यावरून, हाक वर आली: "जांभळीखालून उतरू नका." अख्खी आली.