हिरव्या डहाळ्यांची गल्ली

नगरीचं सगळं सांडपाणी उताराला येऊन साचे आणि उतारावरच्या प्राण्यांच्या घरांत ताप कायम मुक्कामाला असे. त्यांच्याकडे औषध नव्हतं, एक रीत तेवढी होती. ज्या घरी ताप, त्या दारी कडुनिंबाचा डहाळा. त्या घरातल्या कुणी झऱ्यावर जायचं नाही. पाणी शेजाऱ्यांनी उंबऱ्याशी आणून द्यायचं. एवढ्यावर उतार कसाबसा तग धरून होता.

चिचुंद्रीचं एकुलतं पिल्लू तापलं, तसा तिनेही डहाळा बांधला. शेजारची कासवीण मडकं आणून ठेवी आणि पिल्लाच्या घशाला ओल मिळे.

अशात टेकडीवरचे बगळे उतरले. उताराचं आरोग्य सगळ्यांनी मिळून सुधारू, तुम्ही सांगाल तसं करू, असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं आणि मग स्वतःच बोलत राहिले. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. निघताना त्यांना दारांवरचे डहाळे दिसले. केवढी ही हिरवाईची हौस! ज्याच्या दारी डहाळा, त्याला मासळीची टोपली, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

उपाशी पोटाला कसली आली रीत? बघता बघता दारोदार डहाळे झुलू लागले. कासवीण पाणी घेऊन जाई, तर आत धडधाकट बेडूक मासळीवर ताव मारत बसलेले. दोनचारदा फसल्यावर तिचं मन विटलं.

"चिचुंद्रे, तुझं पिल्लू केव्हाच बरं झालं असेल," ती म्हणाली. "मासळीसाठी ठेवलायस डहाळा."

त्या दिवसापासून चिचुंद्रीच्या उंबऱ्याशी मडकं आलं नाही. पिल्लाची जीभ सुकली होती. झऱ्यावर जावं, तर तिथून ताप घरोघर जाईल. अखेर तिने डहाळाच उतरवून टाकला. आपल्याला मासळी नको आहे, एवढं तरी कासविणीला कळेल.

आणि तिला ते कळलं. साऱ्या गल्लीत तेवढंच दार उघडंबोडकं पाहून ती शरमली आणि भरलं मडकं घेऊन लगबगीने निघाली.

तिच्याआधी बगळा पोचला.

"ताई, तुम्ही एकट्याच मागे कशा राहिलात? आपण सगळे बरोबर आहोत ना?"

पिल्लाला पाणी हवंय, चिचुंद्री कळवळून म्हणाली. तो विषय पुढच्या बैठकीत नक्की घेऊ, असं त्याने मायेने सांगितलं. मग स्वतःच्या चोचीने दाराला ताजा डहाळा बांधला आणि उंबऱ्याशी मासळीची टोपली ठेवली.

कासवीण अर्ध्या वाटेत थबकली. तिने डहाळा पाहिला, टोपली पाहिली आणि मडकं घेऊन ती माघारी वळली.