सरकारांचा सर्वांत जुना नोकर

“माझ्या टाकीतलं पेट्रोल पितं कोण?” वेशीपाशी बंद पडलेल्या मोटारसायकलवर बसून देवखडीचे रायाजीराव सरकार गरजले. “संध्याकाळी भरलं, सकाळी गायब! रोजचंच! चोर पागेतच आहे!”

पागेत म्हणजे त्याचं असं, की देवखडीतले घोडे संपले, पण पागा उरली. सरकारांनी मोटारसायकल तिथंच बांधली. हो, बांधलीच! हँडलला दोर, दिव्यावर गोंडा आणि चाकांखाली घोड्यासारखी रोज ताजी वाळू. राखणीला जुना मोतद्दार गेनू. मग चोर कोण ठरला, हे वेगळं सांगायला नको.

गेनू हात जोडून म्हणाला, “सरकार, टाकीखालचा पेट्रोल सोडायचा-मिटायचा कॉक म्हातारा झालाय. कधीचा सांगतोय, बदलू या.”

“कॉक? थोरल्या सरकारांनी स्वतःच्या हातानं बसवलेला? गेनू, राजवाड्यातली वस्तू जुनी होत नाही, तिची परंपरा होते! आता हुकूम ऐक. चोर कोणीही असो, कितीही जुना नोकर असो, आज सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर!”

गेनूचा चेहरा उतरला. पण त्याची लेक हौसा पदर खोचून पुढं झाली.

“सरकार, चोर मी दाखवते!”

“तू? दाखव! पण गाडीला बोट लावायचं नाही. टाकीचं झाकण मी लाखेनं बंद करणार आणि पागेत मी स्वतः पहारा देणार. माझ्यासमोर चोर येईल कसा, न् तू त्याला धरशील कशी?”

“तुम्ही बसा तर खरं! तो तुमच्यादेखतच चोरी करतो. भीडभाड म्हणून नाही मेल्याला!”

टाकी भरली. लाख लागली, वर शिक्का उमटला. सरकार खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी ऐटीत चिरूट काढला.

“सरकार, चिरूट बाहेर! नाहीतर चोर राहील बाजूला, आपणच पागेसकट वर जाऊ!”

चिरूट मुकाट्यानं खिशात गेला. हौसानं गाडीखालची वाळू फावड्यानं ओढून काढली, तिथं मुदपाकखान्यातली पितळी परात सरकवली आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली.

“हे काय?” सरकारांनी विचारलं.

“चोराचं पान मांडलं.”

सरकार मिशीत हसले, पण डोळा गाडीवरच.

“सरकार, वेशीपाशी गाडी बंद पडली की तुम्ही काय करता?”

“कॉकची कळ फिरवून रिझर्व्हला लावतो. मग येते वाड्यापर्यंत.”

“रोज?”

“रोज!”

“म्हणजे चोर रोज पेट्रोल पितो, पण तुम्हाला घरी येण्यापुरतं रोज ठेवतो. इतका मायाळू चोर पाहिलाय कधी?”

सरकार डोकं खाजवू लागले. त्यांनी धंदा केला असता तर लगेच उमगलं असतं. एकदाच सगळी पेटी उचलतो तो चोर. रोज थोडं उचलून दुकान चालू ठेवतो तो घरातलाच!

“तुमच्या मुदपाकखान्यातला रांजण बघा,” हौसा म्हणाली. “तोटी बुडापासून चार बोटं वर आहे. तोटी गळाली तर तिच्यावरचं पाणी जाईल, खालचं राहील. टाकीतही तसंच. कॉकची एक नळी आत उभी आहे. गाडी चालते ती नळीच्या वरच्या तोंडातून आलेल्या पेट्रोलवर. त्या तोंडाखाली उरतं ते रिझर्व्ह, त्याला बुडाशी वेगळं तोंड. कळ बंद केली की दोन्ही वाटा मिटायला हव्यात. पण मोठ्या वाटेची रबरी चकती झिजली, की...”

टप्प!

परातीत थेंब पडला. सरकार खुर्चीतून उडाले.

“कोण आहे तिकडे?”

टप्प! टप्प!

“तोच! कळीच्या कडेनं येतोय बघा.”

“पण आजवर एक थेंब दिसला नाही!”

“दिसेल कसा? रोज ताजी वाळू! घोड्याचं प्यायची तशी ह्याचंही पिते.”

“आणि वास?”

“मोटारसायकलला पेट्रोलचा नाही तर काय केवड्याचा येणार? सगळ्यांना वाटलं, जनावराचाच वास!”

परातीचं बूड ओलं झालं, मग झाकलं गेलं. सरकारांनी झाकणाची लाख तपासली. शिक्का जसाच्या तसा!

“बरं! गेनू सुटला,” सरकार घसा खाकरत म्हणाले. “चकती बदला. पण कॉक तिथंच राहणार!”

“बाबांनी चकती दोनदा बदलली. कळ जड झाली तेव्हा खोलून साफही केली. नव्या चकतीनंही टपकतं, म्हणजे चकती बसते ती जागाच झिजली. आता ह्याला औषध नाही, सरकार.”

“थोरल्या सरकारांच्या हातचा आहे तो! परंपरा आहे!”

“मग हुकूम मोडणार?”

“कोणता हुकूम?”

हौसानं सरकारांसारखी मान ताठ केली, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि गरजली, “चोर कोणीही असो, कितीही जुना नोकर असो, आज सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर!”

सरकारांनी परातीकडं पाहिलं. कॉककडं पाहिलं. दाराबाहेर कलत्या उन्हाकडं पाहिलं. आणि पोट धरून असे हसले की वळचणीची कबुतरं उडाली!

“गेनू! नवा कॉक आण!”

गेनूनं तिथल्या तिथं फेटा सोडला. आतून कागदात गुंडाळलेला कोरा कॉक निघाला!

“लबाडा! नवा नोकर डोक्यावर घेऊन फिरत होतास?”

“कधीचा, सरकार!”

टाकी डब्यात रिकामी झाली, जुना उतरला, नवा चढला. पेट्रोल पुन्हा भरलं. पुसून खाली सरकवलेली परात कोरडीच! सरकारांनी आपला जरीचा फेटा गेनूच्या डोक्यावर ठेवला. “हौसे, तुला काय देऊ?”

“चोराला वेशीबाहेर मी नेऊन सोडणार. गाडी मी चालवणार!”

“आणि मी?”

“तुम्ही मागं बसा. चोर धरून!”

सारं गाव दुतर्फा उभं राहिलं. पुढं हौसा, मागं उघड्या डोक्याचे सरकार, त्यांच्या मुठीत पितळी कॉक. वेस आली. रोज जिथं आचका देऊन थांबायची, तिथं गाडी थांबलीच नाही! वेस मागं पडली, ओढा मागं पडला, आणि हसता हसता सरकार ओरडत सुटले, “अगं हौसे, थांबव! चोर उतरायचा राहिला!”