काळी फरशी

जनावरं आपली धान्याची कोठारं स्वतःच सांभाळत, तेव्हाची ही गोष्ट. अशा एका कोठारात उंदरांवर पहारा ठेवायला एक मुंगूस नव्याने कामाला लागलं.

पहिल्याच सकाळी त्याला दिसलं, की दाराजवळच्या काळ्या फरशीवर कुणीच पाय देत नाही. पोती वाहणारं गाढव असो की झाडलोट करणारी कोंबडी, तिथे आले की गप्प होतात, फरशी ओलांडतात आणि पुढे जाऊन पुन्हा बोलू लागतात.

"कोंबडीताई, खाली काय आहे?" मुंगसाने विचारलं.

"हळू बोल रे! इथे असंच चालतात."

"नवीन आहेस ना, चार दिवसांत अंगवळणी पडेल," गाढव म्हणालं. "मागचा बोकाही फार चौकशा करायचा."

"तो कुठे गेला?"

गाढव पोतं घेऊन निघून गेलं. मुंगसाने फरशीची फट हुंगली. नागाचा वास आला आणि त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. दिवसभर तेही मुकाट्याने फरशी ओलांडत राहिलं.

संध्याकाळी कोंबडीचं पिल्लू आईला शोधत दारातून आत आलं. त्याचे पाय आखूड होते; फरशी ओलांडणं त्याला जमणारं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे आपापल्या कामाकडे वळले. कोंबडीने डोळे मिटून घेतले.

नागाचा वास मुंगसाच्या नाकात अजून होता. तरी पिल्लाच्या आधी त्यानेच फरशीवर उडी मारली. खाली काहीतरी सळसळलं.

"मागे पळ," ते पिल्लाला म्हणालं, आणि फटीकडे तोंड करून उभं राहिलं.